बघायचं कुणी, दिसायचं कुणी?

खटाव-माण आणि पलीकडचा खानापूर-आटपाडी हा पर्जन्यछायेचा पट्टा. पावसाचा भरवसा नाही म्हणून इथली माणसं पिढ्यानपिढ्या बाहेर पडत आली. कुणी मुंबईला गिरणीत आणि गोदीत गेला, कुणी पलटणीत भरती झाला, तर कुणी सोन्या-चांदीच्या गलाईत. जुने दागिने आणि सराफी कारखान्यातली झाडलोट वितळवून त्यातून शुद्ध सोनं-चांदी काढून देणारी ही मंडळी केरळ-तमिळनाडूपासून पंजाब-बंगालपर्यंत, नेपाळातसुद्धा पोहोचली. गावाकडं उरली म्हातारी माणसं आणि सुना. अशा घरांत हल्ली कुरिअरनं एक छोटं खोकं येऊ लागलंय. त्यात वायफायवर चालणारा कॅमेरा असतो. परगावचा मुलगा तो पाठवतो, घरात कुठंतरी बसवायला सांगतो आणि मग तिकडून मोबाईलवर आईबापांना बघत राहतो.

वडूजमधल्या अशाच एका घरातलं हे बोलणं. मामा हयातभर त्रिशूरला गलाईच्या धंद्यात होते; आता दुकान मुलाकडं सोपवून गावी परतलेत. भाची लहानपणी शिकायला आजोळी राहिली आणि आता तालुक्यातच शिक्षिका आहे. तिचा नवरा लष्करात आहे. मामांची आई नव्वदीच्या घरातली, कानानं अधू. खोकं टेबलावर आहे, अजून फोडलेलं नाही.

मामा : हे परत पाठव. कुरिअरवाला घेत नसला तर माळ्यावर टाक. माझ्या घरात हे लागणार नाही.

भाची : भावानं काही हौसेनं पाठवलेलं नाही, मामा. गेल्या महिन्यात आजी न्हाणीत घसरली. तुम्ही रानात होता, मामी दळण आणायला गेलेली. आजी तशीच बसून राहिली, हाक मारून मारून थकली. हे कळल्यापासून त्याला तिकडं झोप नाही. निदान बघता तरी यावं, एवढंच म्हणतोय.

मामा : बघून काय करणार? त्रिशूरवरनं उचलायला येणार आहे का?

भाची : शेजारी फोन करेल, मला करेल.

मामा : मग कॅमेरा न्हाणीत लावायचा म्हण की! पडायची जागा ती आणि कॅमेरा सोप्यात.

भाची : न्हाणीत कोण लावेल? सोप्यातून उठून ती आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही, एवढं कळलं तरी पुष्कळ झालं.

मामा : हे बघ, आम्हीपण लांबच होतो. १९७२ च्या दुष्काळानंतर मी गेलो. मिसरूड फुटलं नव्हतं. भाषा कळेना, भात गिळेना. तरी आईपासनं तुटलो का? पंधरा दिवसांनी एक पत्र. इकडची खबर तिकडं, तिकडची इकडं. एका पत्रात सगळं घर यायचं.

भाची : सगळं घर यायचं, असं तुम्हाला वाटतं. पत्र लिहायचं कोण?

मामा : तूच लिहायचीस की. अक्षर चांगलं म्हणून आई तुलाच बसवायची.

भाची : म्हणूनच सांगते. पाचवी-सहावीत असेन. आजी सांगायची, मी लिहायचे. साष्टांग नमस्कार, पाऊस किती झाला, म्हैस व्याली का, कुणाची सोयरीक जमली. शेवटाला आजी आत हाक मारायची, “तुला काय लिहायचंय का गं?” मामी येऊन चौकटीपाशी उभी राहायची. पुढ्यात सासू, बाजूला सासरे, आणि लिहायला दहा वर्षांची पोर. काय सांगणार ती? “पोरं बरी हायती म्हणावं.” दर पत्रात हेच वाक्य. तुम्ही वाचलं असेल आणि वाटलं असेल, चला, बायकोचीही खबर आली.

मामा : अगं, त्या काळात तसंच होतं. आणि माझं पत्र आलं की इथंच, या सोप्यात मोठ्यानं वाचलं जायचं. शेजारची चार माणसं येऊन बसायची. त्यांचाही कुणी ना कुणी लांबच होता. माझ्या पत्रात त्यांच्या पोरांचाही निरोप असायचा. पत्र एकाचं नसायचं, आळीचं असायचं. आज पोराचा फोन आला की तो एकाच्या कानाला. उरलेले तोंडाकडं बघत बसतात, हा काय बोलतोय आणि तो काय म्हणतोय.

भाची : आळीत मोठ्यानं वाचलं जाणार आहे, हे माहीत असलेला माणूस काय लिहील? पहिल्या महायुद्धात हिंदी शिपाई फ्रान्सला गेले. आपल्या सातारा तालुक्यातल्या अपशिंग्याचे ४६ जवान त्या युद्धात कामी आले, म्हणून त्याचं नाव मिलिटरी अपशिंगे पडलं. त्या काळच्या बऱ्याच शिपायांना लिहिता येत नव्हतं. पत्र दुसऱ्याकडून लिहून घ्यायचं. मग सरकारी सेन्सॉर ते उघडून वाचायचा. मग गावात कुणीतरी वाचून दाखवायचा. सेन्सॉरनं उतरवून घेतलेले त्यातले उतारे आजही लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. काही शिपायांनी त्यात सांकेतिक शब्द वापरले होते. काळी मिरी म्हणजे हिंदी शिपाई, लाल मिरी म्हणजे गोरे. काळी मिरी संपत आली असं लिहिलं, की घरच्यांनी समजायचं, आपली माणसं फार मरतायत. जिवाचं सांगायचं तर मिरीच्या आडून सांगायला लागत होतं.

मामा : तरीपण सांगितलंच की. ज्याला सांगायचंय तो वाट काढतोच.

भाची : शिपायानं काढली. मामीनं कुठली काढायची? बायकांची वाट जात्यावर निघाली. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ या संशोधकांनी गावोगाव फिरून लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. माहेर, भाऊ, नवरा, सासुरवास, सगळं त्यात आहे. जे कुठल्या पत्रात जाऊ शकलं नाही ते पहाटे जात्याला सांगितलं गेलं. पण जातं काही टपाल पोहोचवत नाही, मामा.

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग आत जाऊन एक जुनी डायरी घेऊन आले. तिच्यात गुलाबीसर, विटलेले कागदाचे तुकडे होते.

मामा : हे काय ते ओळख.

भाची : मनीऑर्डरची पोच.

मामा : पहिली काही वर्षं मी नोकरच होतो. महिन्याला मनीऑर्डर करायचो. कमिशन वेगळं पडायचं. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर दोन ओळी लिहायला जागा. पोस्टमन घरी येऊन आईच्या हातात पैसे मोजायचा, तिचा अंगठा घ्यायचा, आणि ही पोच परत माझ्याकडं यायची. बघ, निळ्या शाईत आईचा अंगठा. रेषासुद्धा दिसतात. पत्र दुसऱ्यानं लिहिलेलं असायचं, पण हा अंगठा तिचाच. हिनं स्वतः इथं बोट टेकलंय, एवढं मला तिकडं कळायचं. तुझ्या व्हिडिओत असं काही हाताला लागतं का?

भाची : नाही लागत. हे मी मान्य करते.

मामा : २०१५ ला ती जुनी मनीऑर्डरही बंद झाली. त्याच्या आधी २०१३ च्या जुलैत तार गेली. तार गेली ते बरंच झालं म्हणा. तार आली म्हटलं, की वाचायच्या आधीच बायका रडायला लागायच्या.

मामी चहा घेऊन आल्या. त्यांनी पोचेचा तुकडा उचलून उजेडात धरला.

मामी : आत्यांचा अंगठा जपलाय तुम्ही. पैसे आल्यावर त्यातले किती कुठं गेले हे आम्ही चुलीपाशी बसून ठरवायचो, ते कुठल्या पोचेवर आलं? आणि माझा पहिला फोन कधी झाला ते आठवतंय का? बाजारातल्या एसटीडीत. रात्री अकरानंतर दर पाव व्हायचा म्हणून अकरापर्यंत थांबलो. बरोबर मामंजी. काचेच्या खोपटात मी एकटीच शिरले, पण बाहेर ते उभे आणि आत तो लाल आकड्यांचा मीटर पळतोय. काय बोलले असेन?

भाची : काय बोललात?

मामी : “पोरं बरी हायती.”

मामी हसून आत गेल्या.

भाची : आता सांगा. पत्रात सासू, बूथवर सासरे. त्यानंतर शेजाऱ्यांचा पीपी नंबर आला. त्यांचं पोरगं पळत यायचं, “तुमचा फोन आलाय!” मग त्यांच्या सोप्यात उभं राहून, त्यांच्या घरातल्या सगळ्यांसमोर बोलायचं. पुढं मोबाईल आला, तर आलेल्या फोनलाही पैसे पडायचे. ते २००३ च्या मे महिन्यापासनं बंद झाले. तेव्हा कुठं मामी पहिल्यांदा तुमच्याशी तिसऱ्या माणसाशिवाय बोलली असेल. तोवर लग्नाला किती वर्षं झाली होती? आणि तुम्ही म्हणता, फोन एकाच्याच कानाला लागतो. लागू दे की. तिला तो कान फार उशिरा मिळाला.

मामा : बरं, ते तुझं मानलं. पण मग म्हातारीचं काय? तिला ऐकू येत नाही. व्हिडिओ कॉल लावून दिला तरी ती मोबाईल कानालाच लावते. तिकडं पोराला काय दिसतं? नुसता कान! तो ओरडतो, “आजी, समोर धर!” ती म्हणते, “काय बोलंना झालाय, कट झाला जणू.” आणि नातवाची पोरगी मल्याळममध्ये काहीतरी सांगत बसते. सोय झाली ती तुम्हा शिकलेल्यांची आणि ऐकू येणाऱ्यांची.

भाची : म्हणजे पत्राच्या काळात मामी बाहेर राहिली, फोनच्या काळात आजी.

मामा : हां. हे खरं बोललीस. दर वेळी कुणीतरी बाहेर राहतंच. म्हणून तर म्हणतो, नवीन यंत्र घरात घ्यायच्या आधी बघावं, ह्यानं कोण बाहेर पडणार.

भाची : मग यंत्राचा दोष कशाला काढायचा? यंत्र कुणाच्या हातात आहे ते बघा. मी शाळा सुटल्यावर येते तेव्हा मोबाईल तांब्याला टेकवून ठेवते, आजीचे दोन्ही हात मोकळे ठेवते आणि भावाला सांगते, बोलू नकोस, दाखव. तो पोरीची चित्रं दाखवतो, दारातला पाऊस दाखवतो. आजी इथनं हातवारे करते. कान लागतच नाही. सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं, त्याच वर्षी नोव्हेंबरात व्हॉट्सॲपवर व्हिडिओ कॉल आला. त्याच्या आधी बहिऱ्या माणसाला फोनचा उपयोग काय होता?

मामा : तू येतेस म्हणून होतं ते. रोज कोण टेकवतंय?

भाची : तेच तर. कॅमेरा आपोआप चालेल, कुणी टेकवायला नको.

मामा : आणि तिथंच माझं पोट दुखतंय. आपोआप! तुझ्या त्या कॉलमध्ये आईला माहीत असतं, आपण नातवाशी बोलतोय. हिथं तिला माहीतही नसणार, कोण कवा बघतंय. तो रात्री दोनला जागा झाला की बघणार. त्याची बायको बघणार. त्याच्या मोबाईलवर दुकानातला पोऱ्याही बघणार. ही दुपारी पाय पसरून बसते, डोक्यावरचा पदर ढळतो. जन्मभर डोईवरचा पदर पडू दिला नाही तिनं. आता घरात बसून दिवसभर पदर सावरत राहू का म्हणेल ती. आणि लाइट गेली की ह्याच्या मोबाईलवर येणार, कॅमेरा बंद. मग फोनवर फोन, “काय झालं, काय झालं?” काही झालेलं नसतं, फक्त लाइट गेलेली असते.

भाची : काळजी आहे म्हणून करतो, मामा. पाळत ठेवायला नाही.

मामा : काळजीच असते. पाळतसुद्धा काळजीपोटीच ठेवतात माणसं. सून आली की सासू तिच्यावर नजर ठेवते, तीपण काळजीनंच. तू आत्ताच म्हणालीस ना, मामीला कधी एकटीला बोलता आलं नाही? म्हणजे तिच्यावर कुणाचे तरी कान होते. मग म्हातारीवर डोळे बसवायला निघालीस ते कसं चालतं तुला?

भाचीला लगेच उत्तर सुचलं नाही. तिनं खोकं उचललं, फिरवून बघितलं, परत ठेवलं.

भाची : हे मला मान्य करावं लागेल. पण मग तुमची बाजूही बघू या. तुम्ही म्हणता, पत्रात सगळं यायचं. तिकडं तुम्ही काय करत होता ते कुठल्या पत्रात आलं? मी तुमची पत्रं वाचून दाखवायचे, मला पाठ होती. “इकडे सर्व क्षेम, काळजी नसावी.” गलाई म्हणजे काय, हे मला पंचविशी उलटल्यावर कळलं.

मामा : काय सांगायचं त्यात? सोन्यात चांदी घालून वितळवायचं, पातळ पत्रा करायचा, मग ॲसिडमध्ये उकळायचा. नायट्रिक. चांदी-तांबं त्यात विरघळून जातं, खाली सोन्याचा तपकिरी भुगा राहतो. तो धुऊन परत मुशीत वितळवला की शुद्ध सोनं.

भाची : आणि धूर?

मामा : धूर येतो. तांबूस-तपकिरी. खोली लहान, एक खिडकी. खोकला यायचाच.

भाची : तुमच्या डाव्या हाताला तो पांढरट डाग आहे, त्याचं पत्र आलं होतं का?

मामा : आईला लिहू का हे? इथं बसून ती काय करणार होती? रडली असती, उपास धरले असते, मला परत बोलावलं असतं. परत येऊन काय खाल्लं असतं?

भाची : मघाशी भावाबद्दल तुम्ही हेच विचारलंत. तिकडं बसून काय करणार?

मामा : फरक आहे. न सांगण्यातही माया असते. तू मास्तरीण, तुला इतिहास सांगायला नको. १९४२ ला, ९ सप्टेंबरला ह्याच वडूजच्या कचेरीवर मोर्चा गेला, गोळीबार झाला, माणसं पडली. त्यानंतर पत्री सरकारची चार वर्षं. तेव्हा आजच्या सांगली जिल्ह्याचा बराच भागसुद्धा साताऱ्यातच होता. नाना पाटलांपासनं कितीतरी जण भूमिगत. ती माणसं घरी काय कळवत होती? काही नाही. कारण घरच्याला ठावठिकाणा माहीत नसला, तर पोलिसांनी मारलं तरी तो सांगणार काय? न कळवणं हाच त्यांचा निरोप होता. आणि दुसऱ्याचं कशाला, तुझंच बघ. जावईबापू सीमेवर असले की कुठं आहेत हे सांगतात का तुला?

भाची : नाही. पत्ता फक्त लष्करी टपालाचा, ५६ एपीओ. त्यापलीकडं मी विचारतही नाही. कधी आठ-आठ दिवस फोन लागत नाही.

मामा : मग? तुमचा संसार तुटला का?

भाची : नाही तुटला. पण मामा, त्यात एक गोष्ट आहे. तो काय सांगणार नाही, हे मला आधीपासून माहीत आहे. जागा सांगणार नाही, काम सांगणार नाही. बाकी सगळं सांगतो. घाबरला असला तर घाबरलो म्हणतो. मेसच्या भाजीला शिव्या देतो. तुम्ही काय लपवताय हेच आम्हाला माहीत नव्हतं. आम्हाला वाटायचं, मामा तिकडं सोन्यात लोळतोय. यात्रेला यायचात तेव्हा पांढरेशुभ्र कपडे, खिशात नोटा, पोरांना खाऊ. पुसेगावच्या सेवागिरी महाराजांच्या रथाला भाविक नोटा लावतात, तसे तुम्ही आम्हाला नोटांनी मढलेलेच दिसायचात. तो धूर कधी दिसला नाही. मग कुणी उसने मागितले आणि तुम्ही नाही म्हणालात की इथं नावं ठेवली जायची.

मामा : ठेवली. ऐकून आहे मी.

भाची : आता २०२० चं आठवा.

मामा : ते नको काढू.

भाची : काढते, कारण त्यातच तुमचं आणि माझं दोघांचंही उत्तर आहे. लॉकडाऊन लागलेला. थोरले मामा गेले. तुम्ही त्रिशूरला अडकलेले. मातीला पाच-पंचवीस माणसं. मी मोबाईल धरून उभी होते.

मामा : सख्ख्या भावाच्या तोंडात पाणी घालता आलं नाही मला. सावडायलाही नव्हतो. मोबाईलवर बघितलं. हात तुझा हलत होता, मधेच चित्र थांबायचं. त्याला मी हजेरी म्हणत नाही. अजून कुणी विचारलं, मातीला होतास का, तर मी नाहीच म्हणतो.

भाची : तुम्हाला काय दिसलं ते तुम्ही सांगितलंत. इकडं आम्हाला काय दिसलं ते तुम्हाला कुणी सांगितलंय का? चितेला अग्नी दिल्यावर मी मोबाईल फिरवला, तर पडद्यावर तुम्ही. दुकानाच्या मागच्या खोलीत खाली बसलेले, भट्टी विझलेली, मागं काळी पडलेली भिंत, अंगात बनियन. ओक्साबोक्शी रडत होता. आजीनं तो मोबाईल माझ्या हातातून घेतला आणि बराच वेळ बघत राहिली. घरी आल्यावर मला म्हणाली, “एवढ्याशा खोलीत ऱ्हातोय व्हय गं हा?” इतक्या वर्षांत तुमची राहती जागा तिनं पहिल्यांदा बघितली ती त्या दिवशी. मातीला तुम्ही नव्हता, मान्य. पण तुमच्या खोलीत त्या दिवशी पहिल्यांदा आम्ही आलो.

मामांनी चष्मा काढून पुसला. बोलले तेव्हा आवाज चढा नव्हता.

मामा : त्यानंतरच आई मला परत ये, परत ये म्हणायला लागली. मला वाटलं, थोरला गेला म्हणून म्हणते.

भाची : खोली बघितली म्हणून म्हणत होती.

मामा : म्हणजे तुझं म्हणणं काय, कॅमेरा बसवू?

भाची : आधी वाटत होतं, बसवावा. आता तुमच्या बोलण्यावरून दुसरंच काहीतरी मनात येतंय. तुमच्या पत्रात आम्ही तुम्हाला दिसायचो, तुम्ही आम्हाला दिसत नव्हता. पाऊस, म्हैस, पोरांचे मार्क, इकडचं सगळं तिकडं जायचं. तिकडून यायचं ते ‘सर्व क्षेम’. कॅमेरा त्याच्याच पुढची पायरी. भावाला आजीचा पदर ढळलेला दिसणार, आणि आजीला त्याचा धूर दिसणार नाही. एकानं नुसतं बघायचं आणि दुसऱ्यानं नुसतं दिसायचं, ह्याला जवळीक म्हणता यायची नाही. मग साधन पोस्टकार्ड असो नाहीतर वायफाय.

मामा : हेच मी मघापासनं सांगतोय.

भाची : नाही, तुम्ही सांगत होता, पत्र चांगलं आणि कॅमेरा वाईट. मी म्हणतेय, दोन्हीत खोट एकच आहे.

मामा : बरं बाई, तसं म्हण. पण ज्याच्यासाठी हे चाललंय तिला कुणी विचारलंय का? आपण दोघंच वाद घालतोय आणि ती आत वाती वळत बसलीय.

भाचीनं आजीला धरून सोप्यात आणलं, खुर्चीवर बसवलं, खोकं फोडून पांढरा, मुठीएवढा कॅमेरा तिच्या हातात दिला आणि कानाशी तोंड नेऊन मोठ्यानं सांगितलं, “आजी, भावानं पाठवलाय! हा भिंतीला लावायचा! तू दिवसभर त्याला दिसशील, तिकडं!”

आजीनं तो उलटासुलटा करून बघितला.

आजी : आन् त्यो मला दिसंल का?

भाची : नाही! तूच त्याला दिसशील!

आजी : मग कशाला?

आजीनं कॅमेरा मामांच्या हातात ठेवला आणि चहा मागितला.

मामा : झाला निकाल.

भाची : निम्मा झाला. ती नको म्हणाली नाही. तिनं अट घातलीय.

मामा : कसली अट?

भाची : तोही दिसला पाहिजे. पडायची भीती खोटी नाही, मामा. तुम्ही रोज रानात जाता, मामीलाही बाहेरची कामं असतात. तेव्हा कॅमेरा बसवू, पण सोप्यात, दाराकडं तोंड करून. स्वयंपाकघर, माजघर, निजायची खोली, तिथं नाही. दुपारी आजी आडवी झाली की बटण बंद, आणि बंद केलं म्हणून त्यानं फोन करून विचारायचं नाही. कोण कोण बघणार ते त्यानं आधी सांगायचं. आणि तिकडं दुकानात त्यानंही एक लावायचा. त्याचं चित्र इथं सोप्यात, टीव्हीवर. आजीला ऐकू येत नाही, पण नजर अजून शाबूत आहे.

मामा : तो कबूल होणार नाही. गिऱ्हाईकाचं सोनं असतं समोर. वजनं असतात, हिशेब असतात. बाहेर कुणाला दिसून चालत नाही.

भाची : मग गल्ला आणि काटा वगळून लावू दे. मागच्या खोलीत लावू दे, भट्टीकडं तोंड करून. तुम्ही आजीला जे कधी दाखवलं नाही तेच दिसू दे. धूर दिसला तर आजी ओरडेल, “खिडकी मोठी कर, पंखा लाव.” ओरडू दे. तेवढा तिचा हक्क आहे.

मामा : आणि तो म्हणाला, माझ्या कामाच्या जागी दिवसभर कोण बघत बसलेलं मला चालायचं नाही, तर?

भाची : तर त्याला कळेल, आजीला का चालायचं नाही.

मामा मोठ्यानं हसले. आजीनं विचारलं, काय झालं म्हणून. कुणी सांगितलं नाही, तेव्हा तिनं भाचीच्या हातावर चापट मारली आणि परत विचारलं. भाचीनं तिच्या कानाशी जाऊन सगळं पहिल्यापासून सांगितलं. त्याला वेळ लागला. आजीनं सगळं ऐकून घेतलं, मान हलवली.

मामा : लाव त्याला फोन. व्हिडिओच लाव. आई इथं आहे, मामीलाही बाहेर बोलाव. अटी मीच सांगतो. आणि त्याला म्हणावं, दुकानात गिऱ्हाईक असलं तरी हरकत नाही. आई नुसती बघेल, मधे बोलणार नाही.

भाची : आजी? बोलणार नाही?

मामा : बरं, ती अट राहू दे. ती कुणालाच पाळता यायची नाही.